मागचा डावा दिवा

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या सदरातले अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो, तेही हसायला. अख्खी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात वायरींशी झोंबण्यात गेली आणि तिथे एकच धर्म शिकलो – मीटर दाखवील ते खरं. आमची ही म्हणते, देव जरी समोर उभा राहिला तरी तुम्ही आधी त्याचं व्होल्टेज बघाल. बघीन. आजही बघीन. पण गेल्या हिवाळ्यात जे पाहिलं ते... असो, क्रमाने सांगतो.

माझे साडू वसंतराव यांची गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून द्राक्षबाग आहे. बागेतच चार खोल्या काढून त्यांनी कृषी पर्यटन सुरू केलंय आणि पाहुण्यांना फिरवायला एक पाँटून बोट घेतलीय – म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन लांबलचक पोकळ नळ्या, त्यांवर फळ्यांचा ओटा आणि वर छत. त्यांच्या सुनेला, प्राजक्ताला, सातवा महिना लागला होता. बरीच वर्षं दवाखान्यांच्या खेपा घालून दिवस गेलेले, त्यामुळे हौसेला मोल नव्हतं. डोहाळजेवण बागेतलं नको, चांदण्यातलं नको, नावेतलंच हवं! तेही पुठ्ठ्याच्या नावेत बसून फोटो काढण्यातलं नाही, खऱ्या पाण्यावरचं.

आणि नेमके त्याच दिवशी बोटीचे दिवे रुसले. डावीकडचे सगळे लुकलुकायला लागले. साहजिकच फोन मला आला. घरचा इलेक्ट्रिशियन, बोलावला की हजर.

दुपारी मीटर घेऊन पोचलो. बॅटरी ठणठणीत, पण डावीकडच्या दिव्यांपाशी व्होल्टेज पार निम्म्यावर. ओट्याच्या कडेला वाकून वायरिंग पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"वसंतराव, परतीची काळी वायर कुठाय?"

"ट्रॅक्टरला कुठं असती काळी वायर? आपल्या ट्रॅक्टरवाल्या मेकॅनिकनंच केलंय हे. बॉडीला अर्थ दिलाय, लय टाइट बोल्ट मारलेत."

ट्रॅक्टरला एकच लाल वायर दिव्यापर्यंत नेतात, परतीचा करंट लोखंडी बॉडीतून येतो. आपल्याकडे रिक्षा, पिकअप सगळं असंच चालतं. पण पाण्यात उभ्या असलेल्या ॲल्युमिनियमला हे मानवत नाही. बोल्टांभोवती पांढरी भुकटी धरली होती. मी बॅटरीपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी काळी वायर ओढली. एकेक दिवा लख्ख लागला. राहिला फक्त मागचा डावा. त्याचा बल्ब काढून कानाशी हलवला तर आतून किणकिण – फिलामेंट तुटलेली. जवळ जादा बल्ब नव्हता. "उद्या आणतो," म्हणालो, त्याची लाल वायर कापली आणि टोकाला टेप गुंडाळला. रिकामं सॉकेट वाईट दिसतं म्हणून तोच मेलेला बल्ब परत बसवून काच लावली. नवी काळी वायर तिथवर नेलीच नव्हती. म्हणजे त्या दिव्याचा कशाशीच संबंध उरला नव्हता, हे कृपया ध्यानात ठेवा.

दिवेलागणीला बायका आल्या. बोट धक्क्याला बांधलेली होती. प्राजक्ता हिरव्या शालूत, फुलांचे दागिने घालून मधल्या खुर्चीत बसलेली. लाइफ जॅकेटं शालूवर बरी दिसत नाहीत म्हणून सगळी बाकाखाली कोंबली होती. मी कुरकुरलो, तर मेहुणी मंगल, म्हणजे प्राजक्ताची सासू, म्हणाली, "दाजी, आजच्या दिवस तरी गोड बोला." ओटी भरली, ओवाळून झालं, फोटो तर संपेचनात. शेवटी एकदाचं वसंतरावांनी इंजिन सुरू केलं आणि दोर सोडायला ते वाकले.

तेवढ्यात मागचा डावा दिवा लागला.

लुकलुकला नाही, मिणमिणला नाही... सरळ लागला, बाकीच्यांपेक्षा जरा पिवळा. "बघा, दाजींचा हातगुण," मंगल म्हणाली. मी हसायला गेलो आणि तोंड तसंच राहिलं. मेन स्विच बंद केला. सगळी बोट अंधारली, तो लागलेलाच. गुडघ्यांवर बसून काच काढली. कापलेली वायर टेपसकट बाजूला लोंबत होती, मी सोडली होती तशीच. सॉकेटला मीटर लावला – शून्य. बल्बला बोट लावलं. पेटलेला बल्ब चटका देतो, हा गार होता. तुटलेल्या तारेची दोन टोकं मला स्पष्ट दिसत होती आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उजेड होता.

"उतरा," मी म्हणालो. "सगळ्या उतरा. आधी प्राजक्ता."

वसंतरावांचं डोकं फिरलं. "ओटी भरल्यावर पोरीला उठवता? अहो साडूभाऊ, दिवा बंद पडला असता तर समजलो असतो. लागला म्हणून उतरवता व्हय?"

"हो."

"कारण सांगा."

"माहीत नाही."

मंगल रडायला लागली – इतक्या वर्षांनी देवानं दिलंय आणि तुम्ही अपशकुन करता. तिचं बरोबर होतं. मी नुसता प्राजक्ताचा हात धरला. "काका, धरून ठेवा," ती म्हणाली आणि शालू सावरत उठली. तिला धक्क्यावर पोचवलं. वसंतराव पाय आपटत धक्क्यावर गेले, बाकीच्या बडबडत उतरल्या. शेवटची बाई उतरली आणि माझ्या पायाखालचा ओटा कलला. मी कशीबशी उडी घेतली. प्राजक्ताची फुलांनी सजवलेली खुर्ची घसरत गेली आणि पाण्यात पडली. मागोमाग बोटीचा डावा कोपरा खाली गेला. दिवाही पाण्यात गेला, तरी लागलेला होता... हिरवट पाण्याखालून तो उजेड थोडा वेळ दिसत राहिला, मग विझला. धक्क्यावर नुसत्या बांगड्या वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने बोट ओढून काढली. डाव्या नळीला एका बोल्टाखाली भोक पडलं होतं. रिकाम्या बोटीत ते पाण्याच्या वर राहायचं, माणसं चढली की पाण्याखाली. फोटो चालले होते तेव्हा नळी भरत होती. आम्ही धरणाच्या मध्यावर असताना ती भरली असती तर, या विचाराने मला अजून झोपेतून जाग येते.

भोक मला समजतं. बॉडीतून परतणारा करंट पाण्यात बोल्टापाशी धातू कसा खातो हे मी कुणालाही पटवून देईन. दिवा समजत नाही. एलईडी असता तर कुठल्या तरी चुकार करंटवर मिणमिणला असं म्हटलं असतं. हा साधा तारेचा बल्ब होता. जुन्या सहकाऱ्यांना नेऊन दाखवला. एक म्हणाला, भास. बोटीवरच्या सगळ्यांना एकदम तोच भास?

प्राजक्ताला मुलगी झाली. बारशाला वसंतरावांनी माझा हात धरून चारचौघांत सांगितलं, "आमच्या साडूभाऊंनी बोट कलायच्या आधी वळखलं." मी तिथेच खोडून काढलं आणि इथेही खोडतो. मी काहीही ओळखलं नव्हतं. तो दिवा लागला नसता तर दोर सोडायला मीच हात लावला असता. आता ती पोरगी मांडीवर आली की मी सगळं गणित पहिल्यापासून पुन्हा मांडतो. उत्तर मिळत नाही. पोरगी मात्र मांडीवर असते.