शेजारच्या दोन बाल्कन्या

क्रूझवर जायची कल्पना माझ्या मैत्रिणीची. ती बारामतीत राहते, मी सणसरला. इंदापूरच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. ती कळसहून यायची, मी सणसरहून, आणि जी आधी पोहोचेल तिनं दुसरीसाठी दप्तर ठेवून जागा धरायची. लग्नानंतर ती बारामतीला गेली. मला गावातच दिलं. ऊस, पेरूची बाग, दोन म्हशी यांतून वेळ काढून मी महिन्या-दोन महिन्यांनी बारामतीला जायची ती तिच्यासाठीच. साडी घ्यायची असली तरी ती बरोबर हवी. इतक्या वर्षांत आमच्या दोघींत तिसरं कोणी आलं नाही.

मग तिनं फ्लॅट घेतला आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये पुण्याची एक बाई राहायला आली. नवरा कॉलेजात शिकवून निवृत्त झालेला, मुलगी परदेशात. दोघी सकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला जाऊ लागल्या. माझ्या मैत्रिणीच्या बोलण्यात "शेजारीण म्हणत होती" हे वारंवार यायला लागलं. शेजारीण म्हणत होती म्हणून तिनं चहातली साखर सोडली. मी कितीतरी वर्षं सांगत होते, तेव्हा सोडली नव्हती.

क्रूझचं ठरलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, आपण तिघी आणि तिघींचे नवरे. मला वाटलं होतं आपण दोघीच.

बुकिंगला आम्ही तिघी बारामतीत एका प्रवासाच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरवर जहाजाचा नकाशा दाखवला. ओळीनं खोल्या आणि प्रत्येकीला समुद्राकडं बाल्कनी. तिनं नीट समजावून सांगितलं, की मैत्रिणी मिळून जाणार असाल तर लागून असलेल्या खोल्या घ्या. काही जोड्यांमध्ये बाल्कन्यांमधली आडोशाची फळी उघडता येते, मग दोन्ही मिळून एकच मोठी गॅलरी होते. सगळ्याच ठिकाणी ती उघडत नाही, म्हणून आधीच बघून घ्यायचं. पण ओळीनं तीन खोल्या उरल्या नव्हत्या. फळी उघडणाऱ्या दोन होत्या, आणि तिसरी त्याच बाजूला, जिना ओलांडून पुढं.

मी काही बोलायच्या आत मैत्रिणीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्या दोन आमच्या दोघींच्या," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "तुला ती पलीकडची चालंल ना? एक जिनाच तर हाय मधी."

मी चालंल म्हणाले. दुसरं काय म्हणणार? शेजारीणबाई तेवढ्यात म्हणाल्या, की हवं तर चिठ्ठ्या टाकू. मैत्रिणीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पर्समधून आधारकार्ड काढलं.

घरी येऊन मी भांडी आपटत होते. आमच्या ह्यांना कारण सांगितलं तर ते म्हणाले, खोलीत झोपायचंच तर हाय. त्यांना काही सांगण्यात अर्थ नव्हता.

मुंबईला जहाजात चढलो. खोली खरंच सुंदर होती. ह्यांनी बाल्कनीत खुर्ची ओढली आणि एवढं पाणी बघत बसले. मी मैत्रिणीसाठी बांधून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जिना ओलांडून गेले. तिथल्या माणसानं किल्लीनं मधली फळी उघडून भिंतीला लावली होती. दोन बाल्कन्यांची एक झाली होती. दोघी कठड्याशी खुर्च्या जोडून बसल्या होत्या, चपला काढून, पाय एकाच स्टुलावर. तिसऱ्या खुर्चीत शेजारीणबाईंचा नवरा पेपर वाचत होता, चौथीवर ओले टॉवेल होते.

"ये की," मैत्रीण म्हणाली. शेजारीणबाई उठल्या, मला खुर्ची देऊ लागल्या. मी म्हणाले, नको, हे तिकडं एकटेच हायत. डबा टेबलावर ठेवला. वळताना पाहिलं तर डबा उघडून मैत्रिणीनं पहिली दशमी शेजारणीच्या हातात दिली होती. पहाटे उठून केलेल्या दशम्या होत्या त्या.

रात्री जेवायला सगळे एका टेबलावर. मैत्रिणीचे यजमान मोठे बोलके. त्यांचं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे, गिऱ्हाईक हसवत ठेवायची सवय. वाढप्याची, समुद्राची, सगळ्यांची त्यांनी चेष्टा केली. बायको शेजारी बसलेली असताना ते शेजारीणबाईंना म्हणाले, "आमच्या बाईसाहेबांना विचारा, भात घेणार का." आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी नाष्ट्याला आमच्या ह्यांनी घोळ घातला. पोहे खाता खाता सहज बोलून गेले, "हिला तुमच्या शेजारची खोली पायजे होती. तवापासून तोंड फुगलंय."

शेजारीणबाई लगेच म्हणाल्या, "अहो, मग त्यात काय? आपण बदलून घेऊ. आम्हाला कुठलीही चालेल. सामान हलवायला किती वेळ लागतो?"

मी मैत्रिणीकडं पाहिलं. मला वाटलं, ती आता हसेल, मला चिडवेल आणि हो म्हणेल. ती ताटात बघत म्हणाली, "नको. हाय ते राहू दे."

सगळ्यांसमोर. मी उठून खोलीत आले आणि दुपारपर्यंत बाहेर पडले नाही. मनात त्या बाईबद्दल काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. तिच्या पांढऱ्या टोपीपासून तिच्या शुद्ध बोलण्यापर्यंत मला सगळ्याचा राग आला. खरं तर तिनं खोली देऊ केली होती, आणि त्याचाच सगळ्यात जास्त आला.

दुपारी सगळे खाली हाउजी खेळायला गेले, हेही गेले. तेव्हा दार वाजलं. मैत्रीण होती. ती सरळ बाल्कनीत जाऊन बसली. मग म्हणाली, "तुझ्या ध्यानात आलं न्हाय?"

"काय?"

"आमचे हे माझ्याशी बोलत न्हाईत. कळसच्या जमिनीतला हिस्सा मी भावांना सोडला, यांना न विचारता. तवापासून चार लोकांत जे काय ते. घरात एक शब्द न्हाय."

मला रात्रीचा भात आठवला. मी नको ते आधी विचारलं. "शेजारणीला म्हाईत हाय हे?"

"आमची भिंत एकच हाय. एक दिवस तिनंच विचारलं, तुमच्याकडून कधी आवाज येत नाही, सगळं बरं आहे ना? मग सांगितलं."

"आन मला न्हाय."

"तुझ्याकडं आले की मी पहिल्यासारखी असते," ती म्हणाली. "तुला कळलं असतं तर तू तसं राहू दिलं नसतंस. शेजारच्या खोलीत असतीस तर पहिल्याच सांजेला कळलं असतं तुला. आन मग तू ह्यांच्याशी भांडली असतीस."

"भांडलेच असते," मी म्हणाले.

ती हसली आणि मग रडली. मी तिचा हात धरून बसले. तिच्यासाठी वाईट वाटत होतंच. पण त्याच वेळी आत दुसरंही काही चाललं होतं. हे दुःख त्या बाईला आधी मिळालं होतं. सकाळी कालव्याच्या कडेनं फिरताना त्या दोघी हेच बोलत असणार, आणि मी इकडं साखरेवरून चिडत होते.

संध्याकाळी मी त्यांच्या बाल्कनीत गेले. शेजारीणबाईंनी खुर्ची दिली, ती या वेळी घेतली. मैत्रिणीचे यजमान आधी कठड्याशी उभे होते. ती बाहेर आली तसे ते काही न बोलता आत गेले. शेजारीणबाईंनी तेवढ्यात काहीतरी बोलणं काढलं, लाटांचं का माशांचं, आणि चालूच ठेवलं. मग मला दिसायला लागलं, की त्या हे जेवताना, फिरताना, फोटो काढताना सारखं करत होत्या. नवराबायकोत गप्प जागा पडली की त्या ती भरून काढायच्या, कोणाच्या लक्षात न येऊ देता. मला ते जमलं नसतं. मी मैत्रिणीच्या यजमानांकडं नुसती बघत राहिले असते. हे कळलं तरी त्या बाई मला आवडू लागल्या असं मात्र झालं नाही.

परत आल्यावर मैत्रिणीनं नवा शिरस्ता पाडला. महिन्यातून एकदा ती एकटीच एसटीनं सणसरला येते, एक रात्र राहते. आम्ही ओसरीत अंथरूण टाकून बोलत बसतो. तिच्या घरात बोलणं अजून सुरू झालेलं नाही. हल्ली ती माझ्यापासून काही झाकत नाही. मी भांडायची भाषा केली की ती मला गप्प करते.

मागच्या खेपेला आम्ही दुपारी पेरू निवडत बसलो होतो. तिचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघून ती उठली, बागेच्या बांधावर गेली आणि तिथं येरझाऱ्या घालत बोलत राहिली. मधूनच मोठ्यानं हसली. मी पाटीतले पेरू उगाच वरखाली करत होते. ती आली तेव्हा विचारलं, काय म्हणत होती गं?

"काय न्हाय," ती म्हणाली. "असंच."