बाजूला

"मोठ्यानं बोल. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

वसतिगृहाच्या बाईंनी दुसऱ्यांदा बजावलं. त्यांच्या हातात हजेरीचं पुस्तक. समोर कवायतीच्या रांगा. कुंपणापलीकडं मुलांच्या शाळेतली पोरं दात काढत उभी. मी मान खाली घालून म्हणाले, "बाजूला."

पाळी आलेल्या मुलीनं हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही, 'बाजूला' म्हणायचं, असा नियम होता. मग चार दिवस गोठ्यालगतच्या पडवीत बसायचं. रनाळ्याच्या, म्हसावदच्या, सपाटीवरच्या मुली आधीच बाईंच्या कानात सांगून मोकळ्या व्हायच्या. भर मैदानात बोलायचं ते फक्त मी. धडगावकडची मी एकटीच होते. "डोंगरातल्यांना कसली लाज," असं बाई म्हणायच्या. त्यांची स्वतःची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिचे दिवस आले की ती घरात गादीवर लोळत गोष्टींचं पुस्तक वाचायची. तिच्या नावापुढं बाई 'रजा' लिहायच्या.

पडवीत कुणी बोलायला यायचं नाही. ताट लांबून सरकवलं जायचं. मैदानावर पळणाऱ्या पायांचा आवाज यायचा. पळण्यात मला वर्गात कुणी गाठू शकत नव्हतं, आणि मी गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. फार एकटं वाटायचं. पुढं पुढं तर पाळीच्या दोन दिवस आधीच रडू फुटायला लागलं. बाई म्हणायच्या, "रक्तच तसलं. रडकं नि रानटी." मला ते खरं वाटायचं. दुसरं सांगणारं होतं कोण?

दिवाळीच्या सुट्टीत मोटारीनं म्हसावदला सोडलं. पुढं दीड दिवसाची पायवाट. बाजाराला आलेली पाड्यावरची माणसं पुढं, मी मागं. नेमकी पाळी आलेली. पोटात कळ, जीव कशात नाही. पण बसून राहिले तर घर कसं येणार? पहिला चढ रडत चढले. दुसऱ्या चढाला दम लागला नि रडणं राहूनच गेलं. पोलकं घामानं भिजलं. उतार लागल्यावर मी पळतच सुटले. दुसऱ्या दिवशी पाड्यावर पोचले तेव्हा मला सडकून भूक लागली होती.

आईला सांगितलं, पाळी आलीय. ती म्हणाली, "बरं. पाणी घेऊन ये."

हंडा घेऊन ओढ्यावर गेले. दुसऱ्या चढानंतर मला रडू आलंच नव्हतं, हे तिथं कळलं. माझ्या रक्तात काही खोट नव्हती. मला बसवून बसवून आजारी पाडलं होतं. मला इतका राग आला की हंडा भरायचा राहिला.

परत गेले. पुढच्या पाळीला मैदानात माझं नाव पुकारलं. मी म्हणाले, "हजर."

स्वयंपाकीणबाईनं मला सकाळी फडकी धुताना पाहिलं होतं. ती ओरडली, "बाई, खोटं बोली ऱ्हायनी ती! तिन्हा बसाना दिन शेतस!"

"खोटं नाही," मी म्हणाले. "पाळी आलीय. आणि मी हजर आहे."

हजेरीनंतरच्या फेऱ्या सुरू झाल्या नि मी पळायला लागले. माझ्या दोन्ही बाजूंच्या मुली परकर आवरून लांब झाल्या. त्यात माझ्या खोलीतली एकुलती एक मैत्रीणही होती. मी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या.

बाईंनी कवायतीच्या हजेरीतून माझं नाव कायमचं काढून टाकलं, मैदानात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. मैत्रिणीनं आपली वळकटी उचलून दुसऱ्या खोलीत नेली. त्या रात्री मी फार रडले, ते काही पाळीमुळं नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीत माझ्या आधीचं नाव यायचं, मग एकदम नंतरचं. त्या दोन नावांच्या मध्ये मी कुंपणाबाहेरून ओरडायचे, "हजर!" आणि बाहेरूनच पळायचे. पाळी असो, नसो. वर्षभरात एकीनंही माझ्याकडं मान वळवली नाही.

नका वळवू. मी बसणार नाही.