उत्तरेश्वरची मोजदाद

आमचा शेजारी उत्तरेश्वर एसटीत कंडक्टर होता. रिटायर झाला, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशी त्याची माणसं मोजायची खोड काही गेली नाही. लग्नाच्या पंगतीत बसला तरी आधी डोकी मोजणार, मग पहिला घास घेणार. त्यात स्वतःला मात्र धरायचा नाही. कंडक्टर म्हणजे काही प्रवासी नव्हे.

बायको, हरणाबाई, गेली आणि घरात मोजायलाही कुणी उरलं नाही. मुलगा पुण्याला. मग हा धाराशिवच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींत शिरला. दर रविवारी डोंगर. मलाही "चल" म्हणाला. मी म्हटलं, "माझे गुडघे काय तू उचलणार?" पक्ष्यांचं त्याला फारसं काही नव्हतं, हे मी पैजेवर सांगतो. त्याला माणसं हवी होती. मंडळींनी त्याला कामही दिलं: सगळ्यांच्या मागून चालायचं आणि गाडी निघायच्या आधी डोकी मोजायची. एवढ्यावर गडी खूश होता.

त्या रविवारी सगळे येडशीजवळ रामलिंगच्या डोंगरावर गेले. दिवाळी होऊन गेलेली, गवत पिवळं पडत चाललेलं. माथ्यावरून खालची दाट झाडी आणि पलीकडची रानं दिसत होती. सगळ्यांना बघायचा होता तो स्वर्गीय नर्तक, पांढरीशुभ्र लांब शेपटी मिरवणारा पक्षी. दुर्बिणी लावून लावून माना अवघडल्या, पण तो काही आला नाही. सातभाईंनी तेवढी कलकल करून घेतली.

उतरल्यावर उत्तरेश्वर पुन्हा ओढ्याच्या वळणापर्यंत माघारी गेला. मागं कुणी राहिलं तर नाही, हे बघितल्याशिवाय त्यानं आयुष्यात कधी घंटी मारली नव्हती. इकडं म्होरक्या रणधीरला घाई. त्यानं स्वतःच गाडीतली डोकी मोजली. सकाळी उत्तरेश्वरनं आकडा दिलेला, बावीस. गाडीत बावीस भरले. गाडी निघाली.

हा परत येतो तर धुरळा. फोन खिशात होता, पण त्यानं केला नाही. आपण नाही हे त्यांना आपणहून कळतं का, तेवढं त्याला बघायचं होतं. दगडावर बसून राहिला. आधी वाटलं, पहिल्या वळणावर कळेल. मग वाटलं, येडशीला चहाला थांबतील तेव्हा कळेल.

तेवढ्यात समोरच्या फांदीवर तो पक्षी येऊन बसला. अगदी निवांत. उत्तरेश्वरनं सवयीनं मागं वळून हात केला, बाकीच्यांना दाखवायला. मागं कुणीच नव्हतं. तिथं त्याला रडू आलं. हे त्यानंच मला सांगितलं, म्हणून लिहितो.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. गटातली निकिता होती.

"काका, तुमचा डबा गाडीतच राहिलाय की. चौकात कधी उतरलात, मला दिसलंच न्हाय. तुम्ही घरी पोचला नसाल तर जाता जाता शेजारी देऊन जाऊ का?"

"दे की, बाई," हा म्हणाला.

डबा आमच्याकडं आला. उत्तरेश्वर मात्र दिवस मावळताना आला, फाट्यापर्यंत पायी आणि पुढं एसटीनं. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. सगळं ऐकून माझं डोकंच फिरलं.

"अरे, तिला सांगितलं का न्हाईस, म्या हितंच हाय म्हणून?"

"कुठं हायसा, असं तिनं इचारलंच न्हाय."

मी म्हटलं, "लेका, चूक तुझीच हाय. आता तरी सोताला धरून मोजत जा. तेवीस म्हणायचं."

त्यानं डबा काखेत घेतला, चपला घातल्या.

"नगं," तो म्हणाला. "आज मोजण्यात चुकलं असं म्हणता तरी येतंय. तेवीस सांगूनबी कुणी माघारी आलं न्हाय, तर काय म्हणू?"