एका डीपीवरचे सगळे पंप

म्हसावदची कामिनी पाटील नेमकं काय काम करते, हे तिच्या घरच्यांना अजून सांगता येत नाही. शहाद्यातल्या एका छोट्या कारखान्यात शेतपंपाचे ऑटो स्टार्टर बनतात. त्यांच्या आतला प्रोग्राम ती तपासते. त्याला खरा पंप लागत नाही. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे स्टार्टरचं आभासी यंत्र, उभं करायचं. प्रोग्राम खरा, वीज तेवढी खोटी. वडील रूपचंद यांनी एकदा पडद्याकडे बघून विचारलं, "मंग पानी बी कंप्युटरमाच पडी का?"

यंदाच्या उन्हाळ्याआधी नवा स्टार्टर तयार झाला. तपासणीत तो चालला. मालक भूपेश यांनी खोकी भरून टेप लावली. कामिनी मात्र 'पास' म्हणेना. तपासणीत पंप एकटा होता. वावरात तो एकटा नसतो. एका डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे शेतकरी स्टार्टर ऑटोवर टाकून घरी जातात. लाईट आली की सगळे पंप एकदमच सुरू होतात.

तिने लॅपटॉपवर तशा डझनभर प्रती उभ्या केल्या, त्यांना एकच आभासी डीपी दिली आणि वीज सोडली. व्होल्टेज कोसळलं. मोटर जळू नये म्हणून सगळे बंद पडले, सारखाच वेळ थांबले, पुन्हा एकदम उठले. थोड्या प्रयत्नांनंतर सगळ्यांनी चालू व्हायचंच सोडलं. आता कुणी वावरात जाऊन बटण दाबेपर्यंत केळीला पाणी नाही.

"हाई खेळ शे, कामिनी," भूपेश म्हणाले. "गाडी दारमा उभी शे."

"स्टार्टरले काय माहीत, भाऊ, खेळ शे का वावर शे?"

"लोकस्ले सांगू, ऑटोवर टाकू नका."

"कोन ऐकी? तुम्ही सोता टाकतस!"

गाडी रिकामी गेली.

कामिनीने प्रत्येक स्टार्टरवर छापलेल्या क्रमांकावरून त्याचा थांबायचा वेळ ठरवला. पण एका डीपीवरचे लोक मिळून एकाच दुकानातून माल घेतात, म्हणजे क्रमांक लागोपाठचे आणि वेळही जवळजवळ सारखा. तिने लागोपाठचे क्रमांक घालून पाहिलं. पंप पुन्हा एकमेकांवर आदळले.

"आते तरी पास म्हन ना, माय!"

"नई."

मग प्रत्येक स्टार्टर दर वेळी नव्याने, चिठ्ठी काढावी तसा, स्वतःपुरता वेळ निवडेल असं तिने केलं. वीज सोडली. एक पंप उठला, मग दुसरा. व्होल्टेज वाकलं, पण टिकलं. तिने वीज पुन्हा पुन्हा तोडून पाहिली. पंप टप्प्याटप्प्यानेच उठत राहिले.

"पास," ती म्हणाली.

प्रत्येक स्टार्टरमध्ये प्रोग्राम नव्याने भरायचा होता. भूपेश यांनी चाकू घेतला आणि पहिल्या खोक्याची टेप कापली.