दुसऱ्यांदा विचारणारी मोहिनी

त्या दिवशी कारखान्याच्या साहेबाच्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते. टेबलामागं साहेब, बाजूला उभे हेडक्लार्क अय्यर, दाराशी मोहिनी आणि मी, आणि माझ्या कडेवर धाकटी लीला. लीला आता स्वतःच आजी झाली, पण तिला त्यातलं काही आठवत नाही. साहेब आणि अय्यर कधीच गेले. मोहिनी गेल्या महिन्यात गेली. तिच्या मुलाचा फोन आला, नातसुनेनं घेतला, मी तांदूळ निवडत होते. ऐकलं आणि निवडत राहिले... काय करणार. म्हणजे आता सांगणारी मी एकटीच. मी सांगतेय, नातसून लिहून घेतेय.

माझं माहेर शिरगाव. लग्न होऊन अंबरनाथला कारखान्याच्या चाळीत आले. नवरा बॉयलरवर होता. ताप डोक्यात गेला आणि वारला. खोली कारखान्याची होती, माणूस गेला की खोलीही जाणार. पदरात दोन पोरं. माहेरी भावाचंच भागत नव्हतं. मोहिनी तेव्हा उल्हासनगरला कॅम्पात राहायची, बराकीत, मधे गोणपाटाचा पडदा लावून. पापड विकायला आमच्या चाळीत यायची, तिथं ओळख झाली. तिचे वडील कराचीला कोर्टात कारकून होते, त्यांनी पोरीला इंग्रजी अर्ज लिहायला शिकवलेलं. फाळणीत तिकडून येताना भांडीसुद्धा आणता आली नाहीत, हे इंग्रजी तेवढं आलं. बायका तिच्याकडं अर्ज लिहून घ्यायच्या. ती पापड लाटता लाटता ऐकायची, मग हात धुऊन लिहायला बसायची.

माझा अर्ज तिनं मला वाचून दाखवला. 'मोस्ट हम्बली अँड रिस्पेक्टफुली आय बेग टू स्टेट'... पुढं नवऱ्याचं जाणं, साहेबाचं मोठं मन, त्याच्या पोराबाळांना आशीर्वाद, आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. मी म्हटलं, "यात खोलीचं, कामाचं कुठंय?"

"अरे गंगू, साहब को ऐसे सीधा नहीं बोलते! नीडफुल लिखा ना. तो समजेल काय पाहिजे ते."

मला ते पटलं. आमच्यातही तसंच. पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणतो, आपण दुसऱ्यांदा वाढायचं असतं. तोंडानं मागायचं नाही, समोरच्यानं ओळखायचं.

साहेबाचं उत्तर आलं. मोहिनीनं वाचलं आणि पापडाचं पीठ लागलेल्या हातानं टाळीच वाजवली. "देख, कितना मीठा लिखा है! तुझ्या दुःखात सामील आहे म्हणतो. हो गया काम." आम्ही वाट बघत राहिलो. मग एक दिवस चाळीचा पहारेकरी आला आणि म्हणाला, बाई, सामान बांधा, रविवारी दुसरं कुटुंब येतंय.

दुसऱ्या दिवशी दोघी साहेबासमोर उभ्या. साहेब विलायतेचा, पण लंडनकडचा नाही, वरच्या थंड डोंगराळ मुलखातला. नुकताच आलेला. त्यानं अर्ज काढला, परत वाचला आणि मोहिनीशी काही बोलला. तिचा चेहरा उतरला. अय्यर हळूच मला म्हणाले, "साहेब म्हणतात, पत्र फार सुंदर आहे. पण बाईनं मागितलं काय? नवरा गेल्याचं कळवायला लिहिलंय असं समजून त्यांनी उत्तर धाडलं." मी विचारलं, "मग तुम्हाला तरी कळलं होतं का?" ते म्हणाले, "आमच्या मद्रासला कुणालाही कळलं असतं. पण साहेबांच्या गावात असं लिहीत नाहीत. आणि मला विचारलं कुणी?"

साहेबानं मोहिनीला विचारलं, काय पाहिजे. ती पुन्हा लागली, 'इफ युअर ऑनर'... मी तिची ओढणी ओढली. "मोहिनी, खोली म्हण. आणि काम म्हण." कान लाल झाले होते तिचे. मी परत ओढली. मग खाली बघून म्हणाली, "रूम, सर. अँड वर्क." संपलं. साहेबानं अर्जाच्या पाठीवर दोन ओळी खरडल्या. पॅकिंगमधे काम मिळालं. खोली मिळाली ती शेवटची, संडासाशेजारची. पण मिळाली.

परत येताना शिवमंदिराच्या बाजूनं आलो. मोहिनी नदीच्या काठावर बसली आणि म्हणाली, "बाबांनी जिंदगीत असं लिहिलं नाही. आज तू मला भिकारी बनवलंस."

"भिकारी मी. तुझी कुठं खोली जातेय?"

ती हसायलाच लागली. म्हणाली, "मेरी तो पूरी सिंध गई, पगली." मग मला पण हसू आलं. लीला आमच्याकडं बघून रडायला लागली.

त्यानंतर ती अर्जात मागणं पहिल्या ओळीत लिहायची. खाली तिचे ते सगळे नमस्कार तसेच, एकही कमी नाही केला. पण घरात तिनं जुनीच रीत ठेवली. मी गेले की पापड-पाणी. मी नको म्हणायचे. ती भाजायला घ्यायची आणि म्हणायची, "मैं क्या तेरा वो साहब हूँ?" म्हाताऱ्या झालो, पापड चावेना, तर चुरून द्यायची. पण द्यायचीच.

परवा तिच्या घरी जाऊन आले. तिची खाट उचलली होती, पोळपाट ओट्यामागं उभा करून ठेवलेला. सून चांगली आहे. म्हणाली, "आंटी, कुछ लोगी?" मी नको म्हटलं. ती "अच्छा" म्हणाली आणि आत गेली. तिची काही चूक नाही, मी नको म्हटलं होतं. मी थोडा वेळ बसले, पोळपाटाकडं बघितलं आणि उठले.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. तुमच्याकडं कुणी म्हातारं माणूस आलं आणि नको म्हणालं, तर एकदा अजून विचारा.