खांदा बदलताना

माझ्या कामाचं नाव लोकांना फक्त लाल अक्षरांत दिसतं. सगळं सुरळीत चाललं की मी नसतोच. काही अडलं की स्क्रीनवर लाल ओळींचा ढीग येतो, त्यात सगळ्यांत वर माझ्या टूलचं नाव असतं, आणि मग जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातला एक माणूस चहा बाजूला ठेवून मला शिव्या लिहायला बसतो.

टूल काय करतं ते सांगतो, म्हणजे शिव्या कशाच्या ते कळेल. बरेच प्रोग्रॅम सोप्या भाषेत लिहिलेले असतात, पण त्यांतले काही तुकडे वेगासाठी सी किंवा सी प्लस प्लसमध्ये असतात. हे तुकडे ज्या कॉम्प्युटरवर चालायचे तिथल्या तिथे बांधून घ्यावे लागतात, आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिघांची बांधायची तऱ्हा वेगळी. तिघांचे रुसवेफुगवे सांभाळून ते काम एका हुकमात उरकतं ते माझं टूल. बांधायला लागणारा कंपायलरच त्या कॉम्प्युटरवर नसेल, तर टूल तसं स्पष्ट सांगतं. लोक सांगणाऱ्यालाच झोडपतात.

हे टूल मी जन्माला घातलेलं नाही. पुण्यात नोकरीला असताना मी त्यात एक लहानशी दुरुस्ती पाठवली होती. मूळ कर्त्याने आभार मानले, थोड्याच दिवसांत सगळे अधिकार माझ्या नावावर केले आणि तो गेला. कुठे गेला, माहीत नाही. माझ्या एकाही मेलला त्याने उत्तर दिलं नाही. मला तेव्हा वाटलं, केवढा हा मान. आज मला त्याचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटतो.

पुढे आई गेली, बाबा एकटे पडले, म्हणून घरून काम करायची परवानगी घेऊन मी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी आलो. पगार नोकरीचा, टूल हे घरचं खाऊन करायचं काम. गावात कुणी विचारलं तर मी ‘कॉम्प्युटरचं’ एवढंच सांगतो. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. मुलगा भरल्या ताटावरून उठतो आणि परत येतो तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं असतं, एवढंच त्यांना माझ्या कामातलं कळत होतं.

गेल्या शिमग्यात विंडोजच्या कंपायलरची नवी आवृत्ती आली. माझं टूल त्याला जुन्या जागी शोधत राहिलं आणि तो नव्या जागी जाऊन बसलेला. सकाळपासून तक्रारींचा पूर. एकाने लिहिलं, हे सांभाळणाऱ्याने थोडी लाज बाळगावी. एका मोठ्या कंपनीतल्या साहेबाने दुरुस्ती आज संध्याकाळपर्यंत हवी असं कळवलं, जसा काही मी त्याच्या हाताखाली होतो. आणि त्याच दुपारी आमच्या घरी ग्रामदेवतेची पालखी यायची होती.

त्या गदारोळात एक गोड मेल आला. तुम्ही दमलेले दिसता, अधिकार मला द्या, पुढचं मी बघतो. नाव ओळखीचं नव्हतं, त्याचं काम कुठे पाहिलेलं नव्हतं. अशा माणसाच्या हाती चाव्या गेल्या आणि त्याने आत काही विष कालवलं, तर टूल वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमध्ये ते उतरलं असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ‘हो’ लिहिलं. पाठवायचं तेवढं राहिलं, कारण खालून ढोल ऐकू आले आणि मी तसाच बाहेर धावलो.

आमच्या घराकडे येणारी वाट म्हणजे जांभ्याची पाखाडी, झिजलेल्या पायऱ्यांची, एक उंच तर एक बुटकी. वाटेत पालखी जमिनीला टेकवत नाहीत. बाबा मागच्या दांड्याला होते. गुडघे धड नाहीत म्हणून मी नको म्हटलं होतं, पण घराजवळचा चढ आपल्याच खांद्यावर, हा त्यांचा दरवर्षीचा हट्ट. मधेच त्यांचा पाय लटपटला. मुंबईहून आलेला कुणाचा तरी पाहुणा पुढे झाला, द्या काका म्हणाला. त्याला पाखाडी माहीत नव्हती. बाबांनी मान हलवून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मागे शिरून दांड्याखाली खांदा दिला.

“वजन आला?” त्यांनी विचारलं.

“आलं.”

तरी ते हलले नाहीत. आणखी एक पायरी माझ्याबरोबर चढले, दांडा माझ्या खांद्यावर खरोखर बसलाय याची खात्री केली, मगच वाकून बाहेर निघाले. आमच्याकडे खांदा असाच बदलतात. अंगणात पालखी पाटावर बसली, ओटी भरली, गाऱ्हाणं घातलं गेलं, सगळ्यांबरोबर मीही ‘व्हय महाराजा’ म्हटलं. पण डोक्यात एकच घोळत होतं, की मला टूल देणाऱ्याने ‘वजन आलं का’ हे विचारलं नव्हतं.

पालखी पुढच्या घरी गेल्यावर तो ‘हो’ मी पुसला. त्याऐवजी लिहिलं की आधी काही दिवस माझ्याबरोबर काम करा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की टूल अडतं, ती तक्रार जुनी आहे, तिथून सुरुवात करू. किचकट, कंटाळवाणं, कुणी वाहवा न करणारं काम. त्या गोड माणसाचं उत्तर आजवर आलेलं नाही. मग कंपायलर नव्या जागी शोधायची दुरुस्ती मीच केली, नवी आवृत्ती सोडली आणि तक्रारी थांबल्या. आभार कुणी मानले नाहीत. एकाने मात्र एवढा उशीर का लागला ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाबा पडवीत गुडघ्याला तेल चोळत बसले होते. त्यांच्याजवळ बसून मी पहिल्यांदाच त्यांना सगळं सांगितलं, टूलचं, शिव्यांचं, त्या मेलचंही. ते चोळायचे थांबले.

“मग तुझ्या खांद्याला कोन आला काय?”

“नाही.”

“येवढ्या वर्षान कोनच नाय?”

“कुणीच नाही, बाबा.”

“मग ती पालखी नाय,” ते म्हणाले. “ठेव खाली.”

मला ते फार लागलं. इतकी वर्षं जो मान म्हणून मिरवला, तो नुसता भार होता हे एसटीच्या ड्रायव्हरला ऐकल्याबरोबर कळलं आणि मला कळायला आयुष्यातली चांगली वर्षं गेली.

त्या दुपारी टूलच्या पानावर सगळ्यांत वर मी लिहिलं की मी थांबतोय, ज्यांचं यावर चालतं त्यांच्यापैकी कुणी पुढे यावं, येईल त्याला मी सोबत राहून शिकवीन. वाटत होतं, कुणीतरी थांबू नका म्हणेल, निदान काय झालं म्हणून विचारेल. पहिलं उत्तर लगेच आलं. ठीक आहे, पण पुढची आवृत्ती कधी? मी सवयीने त्याला उत्तर लिहायला घेतलं. अर्धं लिहून झाल्यावर मी थांबलोय हे माझ्या ध्यानात आलं, आणि ते तसंच सोडून मी बाबांचे गुडघे शेकायला पाणी तापत ठेवलं.