मशीनचं तेल आणि माझं ब्रेकवरचं व्याख्यान

माझ्या बायकोला, वृंदाला, गाडी चालवता येत नाही, हे आमच्या घराण्यात बावीस दिवस सर्वमान्य होतं. त्यातले अठरा दिवस, ते खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे कात्रीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं पुसून, तेल देऊन पुजतात. स्कूटरचा पुढचा ब्रेक महिनाभर किंचाळत होता. मी भक्तिभावाने (आणि मेकॅनिककडे जायचा कंटाळा म्हणून) मशीनचं उरलेलं तेल त्याच्या डिस्कवर सोडलं. आवाज बंद. वर कुंकू लावलं.

दसऱ्याला आम्ही जुन्या इंदूरला माझ्या मेहुण्याकडे, अभयकडे, सोनं द्यायला निघालो. वृंदा नुकतीच स्कूटर शिकली होती. दिवाळीनंतर तिची पलासियातल्या क्लासमध्ये शिकवायची नोकरी सुरू होणार होती आणि तिला स्वतःच्या गाडीवर जायचं होतं. त्या दिवशी तीच चालवत होती. मी मागे बसून ज्ञान देत होतो. अभयच्या दारात त्याची नवी कार हार घालून उभी होती. वृंदाने चांगलं लांबूनच दोन्ही ब्रेक दाबले. मागच्याने जमेल तेवढं केलं. पुढचा मात्र निवांत होता. स्कूटर शांतपणे जाऊन कारला भेटली.

आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. कारला मात्र पोचा आला.

"अहो, मी ब्रेक दाबला होता," वृंदा म्हणाली.

मी तिथेच व्याख्यान दिलं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, त्याआधी मेंदूला वेळ लागतो, वगैरे. सासरेबुवांनीही मान डोलावली. अभय म्हणाला, "ताई, तू रहने दे, रिक्शाने जात जा." वृंदाने चावी माझ्या हातात ठेवली.

चार दिवसांनी वाकडं हँडल घेऊन मेकॅनिककडे गेलो. त्याने चाक पाहिलं, डिस्कवर बोट फिरवून त्याचा वास घेतला.

"भिया, डिस्क पे तेल कौन डालता है?"

मी म्हणालो, आजकाल लोक काहीही करतात.

ब्रेक दुरुस्त झाला, मी नाही. रोज सांगायचं ठरवायचो आणि रोज वृंदा रिक्शावाल्याशी महिन्याचं ठरवताना दिसायची. शेवटी भाऊबीजेला अभयने ओवाळणीत तिला रिक्शाचं भाडं देऊ केलं आणि सगळे हसले. वृंदा हसली नाही. मग मात्र मी तेलासकट सगळं सांगून टाकलं.

सासरेबुवांनी चष्मा काढून मला नीट पाहिलं. अभय म्हणाला, "जिजाजी, आप तो गजब हो."

वृंदाने एवढंच विचारलं, "मेकॅनिकने सांगून किती दिवस झाले?"

"अठरा."

तिने हात पुढे केला. मी चावी दिली.

आता ती रोज स्कूटरने पलासियाला जाते. माझं ऑफिस त्याच रस्त्यावर आहे, पण मला रिक्शाने जावं लागतं. म्हणते, मागे फालतू वजन असलं की गाडी वेळेवर थांबत नाही.